मोजणीचा आठवडा

संध्याकाळी दाराच्या कुलपात किल्ली घातली की आतून, बाबांच्या खोलीतून, ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, हे त्या सोमवारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आवाज त्याआधीही येत असणार. पण डोक्यात ऑफिस भरलेलं असलं की कान नुसते शोभेला असतात. मी किल्ली अर्धवट फिरवून तसाच थांबलो. पुढे काहीच नाही. आत गेलो तर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर उघडून बसलेले, पायाशी हीटर चालू. “आलास?” ते म्हणाले. रोज हेच म्हणतात. पण पेपर कालचा होता आणि चष्मा टेबलावर होता. चष्म्याशिवाय बाबांना माझा चेहरासुद्धा नीट दिसत नाही, मग कालचा पेपर ते कसा वाचत होते? मी ताकास तूर लागू दिली नाही. स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यालो, आणि परत येताना सहज बघितल्यासारखं त्यांच्या कपाटाकडे बघून घेतलं. कपाट बंद होतं. टक् कशाचा? कपाटाच्या कडीचा? फोन खाली ठेवल्याचा? की म्हातारपणी सिगारेट सुरू केली आणि लायटर लपवतायत? आई गेल्यावर बाबांना आमच्याकडे आणलं त्याला सात महिने झाले होते. त्याआधीच्या अख्ख्या आयुष्यात त्यांनी माझ्यापासून काही लपवल्याचं मला माहीत नव्हतं. पण लपवलेलं माहीत तरी कसं असणार?

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. विकास बँकेत मी तपासणी अधिकारी आहे. आमची बँक कारखान्यांना, दवाखान्यांना, शाळांना कमी व्याजाने कर्ज देते ते एकाच कामासाठी: सौर पॅनेल बसवा, जुने पंप काढा, गळकी छपरं बंद करा, वीज वाचवा. आणि वाचली की नाही हे मी ठरवतो. हे वाटतं तितकं सोपं नाही. वापरलेली वीज मीटरवर दिसते. जी वापरलीच नाही ती कुठे बघणार? म्हणून काम सुरू होण्याआधी एक आठवडा मोजायचं, काम झाल्यावर पुन्हा मोजायचं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे बचत. या फरकात माणसं काय काय घुसडतात ते मी वीस वर्षं बघतोय. एकाने मोजणीच्या आठवड्यात बंद पडलेलं जुनं यंत्र मुद्दाम दुरुस्त करून चालवलं. एकाने नंतरच्या मोजणीला अर्ध्या कामगारांना सुट्टी दिली. असे सगळे मी पकडले आणि ऑफिसात शंकासुर हे नाव कमावलं. पाठीमागे म्हणतात, पण मला कळतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट आतून बरंच वाटतं, हे इथे कबूल करून टाकतो.

मंगळवारी सकाळी टेबलावर वृद्धाश्रमाचा कागद आला. बचत, टक्के त्रेचाळीस. मी कागद उताणा ठेवला, पालथा केला, पुन्हा उताणा केला. त्या कामात बावीस-चोवीस टक्के आले तरी आम्ही पाठ थोपटून घेतली असती. आश्रमाच्या छतावर पॅनेल बसली होती, छपराला आतून अस्तर लागलं होतं, पाण्याचा पंप बदलला होता. एवढ्यात त्रेचाळीस? पाणी कुठेतरी मुरत होतं. कागद घेऊन साहेबांकडे गेलो तर साहेब आधीच खुशीत. “वार्षिक पुस्तिकेत पहिल्या पानावर घालू,” म्हणाले. “आजी-आजोबा, छतावर ऊन, वर मोठ्या अक्षरात त्रेचाळीस.” मी म्हटलं, “साहेब, मला खात्री वाटत नाही.” ते हसले. “तुम्हाला कधी वाटली आहे? वीस वर्षांत एकदा तरी? कर्जाचा दुसरा हप्ता अडकलाय त्यांचा. उत्तरेकडच्या बारा खोल्यांना दुहेरी काचेच्या खिडक्या बसवायच्यात. बचत वीस टक्के किंवा जास्त असेल तर हप्ता द्यायचा, असा आपलाच नियम आहे ना? हप्ता गेला नाही तर या हिवाळ्यात त्या खोल्या बंद करून बारा माणसांना दुसरीकडे पाठवावं लागेल, असं आश्रमाच्या बाईंनी लिहिलंय. सही करा आणि मोकळे व्हा.” साहेबांना एवढी घाई का, असा दुसरा संशय घेऊन मी बाहेर आलो.

दुसऱ्या मोजणीला नुसतं नोंदयंत्र बसवलं होतं, मी गेलो नव्हतो; पण पहिली मोजणी मीच केली होती, गेल्या वर्षी याच दिवसांत. आश्रमाची जुनी बिलं निरुपयोगी होती, कारण शेजारचा छापखाना आणि आश्रम वर्षानुवर्षं एकाच मीटरवर होते. मीटर नुकता वेगळा झाला होता, म्हणून सगळा पाया त्या एका आठवड्यावर. मी मीटरपेटीत आमचं नोंदयंत्र बसवलं, पेटीला सील लावलं, आणि एवढ्यावर न थांबता रोज जातीने गेलो. कधी जाणार हे कुणाला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी सहाला, मंगळवारी भर दुपारी, बुधवारी दोनदा, रविवारी ऐन जेवणाच्या वेळी. मी असाच जातो. सांगून गेलं की माणसं सोंग घेऊन बसतात. आणि तिथे बघावं तेव्हा सगळं कसं लख्ख. दिवाणखान्यात सगळे दिवे, प्रत्येक खोलीत हीटर, म्हाताऱ्या माणसांचे इस्त्रीचे कपडे. इतकं उबदार की मी कोट काढून हातावर घ्यायचो. बाई, म्हणजे आश्रमाच्या व्यवस्थापिका, दारात उभ्या असायच्या, जणू मी येणार हे त्यांना रोज स्वप्नात कळत होतं. एक निवृत्त शिंपीकाका वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दिवसभर बसलेले दिसायचे. मला वाटायचं, बिचारे, रस्ता बघत बसण्याशिवाय त्यांना दुसरं काम ते काय. आठवड्याच्या शेवटी मी वहीत लिहिलं: खोल्या उबदार, वापर सढळ, बचतीला भरपूर वाव. खाली सही ठोकली. ती सही मला अजून दिसते. शेवटचं अक्षर जरा जास्तच ऐटीत ओढलेलं आहे.

त्या संध्याकाळी मी जिना चढताना बूट न वाजवता चढलो. किल्ली हळूच सरकवली. टक्. आत बाबा, पेपर, हीटर, “आलास?” रात्रीच्या जेवणाआधी मी बायकोला म्हटलं, “बाबा काहीतरी लपवतायत.” ती शाळेच्या वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही. “तुमच्यापासून कोण काय लपवणार,” ती म्हणाली. “तुम्ही तर दूध उतू जाईल म्हणून नाही, दुधाने काही गडबड करू नये म्हणून त्याच्यासमोर उभे राहता.” मी हसलो नाही. तीसुद्धा हसली नाही, आणि तेच मला खटकलं. तिला काहीतरी माहीत होतं.

बुधवारी सकाळी मी आश्रमात गेलो. अर्थात न सांगता. आभाळ भरलेलं होतं, वारा कान कापत होता. या वेळी मी पुढच्या फाटकाने गेलो नाही. छापखान्याच्या बोळातून मागच्या अंगणात शिरलो, कारण मीटरपेटी मागच्या भिंतीवर आहे आणि मला आधी सील बघायचं होतं. सील माझंच, माझ्याच आकड्याचं, कुणी हात लावलेला नव्हता. पेटीच्या काचेतून मीटर बघितला. मीटरवर एक लाल दिवा असतो. घरात वीज जितकी जास्त चालू तितका तो भराभर लुकलुकतो. तो सावकाश लुकलुकत होता. मी मोजलं. एकदा लुकलुकला की सात आकड्यांपर्यंत काही नाही, मग पुन्हा एकदा. साठ माणसांच्या इमारतीत, या थंडीत, एवढीच वीज? तार बाजूने ओढलीय कुठून तरी, मी मनात म्हटलं, आणि मला मोठं समाधान वाटलं. वाकून भिंतीच्या कडेने तार शोधू लागलो. तेवढ्यात वरून आवाज आला, “आले, आले. साहेब आले. मागच्या बाजूने आलेत.” वर बघितलं तर शिंपीकाका, अंगावर दोन स्वेटर आणि त्यावर घोंगडी, खिडकीतून अर्धे बाहेर. आत पावलांची धावपळ झाली. मग वरच्या मजल्यावरची एक खिडकी उजळली, तिच्या शेजारची, मग खालची, मग जिन्यातला दिवा. मी मीटरकडे वळलो. लाल दिवा घाईला आला होता. पाच, तीन, दोन, आणि मग मोजताच येईना. त्या लाल टिंबाकडे बघत मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. थंडीने डोळ्यांना पाणी आलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वीस वर्षांत मी हजारो मीटर वाचले असतील, पण माझं स्वतःचं येणं मीटरवर कधी बघितलं नव्हतं.

बाई धापा टाकत अंगणात आल्या. “अहो, पुढून यायचं ना. इथे घाण आहे सगळी.” मी विचारलं, “बाई, गेल्या वर्षी त्या आठवड्यातसुद्धा असंच केलं होतं?” त्यांनी आधी कानांवर हात ठेवले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा धीर सुटला असावा. “तुम्ही कधी याल ते सांगायचा नाहीत,” त्या म्हणाल्या. “सांगितलं असतंत तर तेवढ्या वेळापुरतं लावलं असतं. तुम्ही सकाळी सहाला आलात, मग आम्ही घाबरलो. सात दिवस रात्रंदिवस सगळं चालू ठेवलं. काकांना खिडकीत बसवलं. त्या महिन्याचं बिल भरायला मला माझी पाटली मोडावी लागली.” मी म्हटलं, “पण का? आम्ही तर किती वाया जातं तेच मोजायला आलो होतो.” “आम्हाला काय ठाऊक?” बाई म्हणाल्या. “कर्ज मागणाऱ्याने चार बरे कपडे घालून जावं एवढं कळतं. दिवसाला दोन तास हीटर लावून घोंगड्यांत बसलेली माणसं बघितली असतीत तर दिलं असतंत कर्ज? म्हणाला असतात, हे काय फेडणार.” बरोबर होतं, म्हणालो असतो. “आणि साहेब, आता वाचतंय ना? कागदावर त्रेचाळीस आलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो.” मला त्यांना सांगता येईना की त्यातलं निम्मंअधिक कधी खर्चच झालं नव्हतं. फसवणूक शोधायला आलो होतो आणि फसवणूक कुणी केलेलीच नव्हती. जे खोटं होतं ते माझ्या वहीत, माझ्या अक्षरात होतं. मी वेळ सांगून गेलो असतो तर पाया बराचसा खरा निघाला असता. आतून कुणीतरी चहा घेऊन आलं. पेला इतका गरम होता की माझ्या लक्षात आलं, माझी बोटं गारठून गेली आहेत आणि या माणसांची रोजच असतात.

मी ऑफिसात परत गेलो नाही. घरी गेलो. दुपारचा दीड वाजला असेल. या वेळी मी कामाच्या दिवशी घरी कधीच जात नाही. जिन्याच्या वळणावरच मला सगळं उमगलं होतं, तरी पाय पुढे जात होते. किल्ली फिरवली. टक् आला नाही. बाबांना झोप लागली असावी. त्यांच्या खोलीचं दार ढकललं तर आतली हवा बाहेरच्यासारखीच गार. बाबा पलंगावर कोट घालून, कानटोपी घालून, आईची शाल पायांवर घेऊन बसल्याबसल्या पेंगत होते. पायमोज्यांचे दोन जोड. माझ्या चाहुलीने ते दचकले आणि डोळे नीट उघडण्याआधीच त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. टक्. हीटरची तार हळूहळू लाल व्हायला लागली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. “आज लवकर?” ते म्हणाले. मी म्हटलं, “दिवसभर बंद ठेवता?” “नाही रे. आत्ताच.” मग माझ्याकडे बघून, “तू आल्यावर लावतो. तुला गार खोलीत बसायला नको.” थंडी सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात ते गच्चीवर फेरी मारायला गेले असताना हीटर चालू राहिला होता, आणि मी त्यांना समोर बसवून, बोटांवर मोजत, एका तासाला किती युनिट आणि महिन्याला किती, हे शिकवलं होतं. ऑफिसात शिकाऊ माणसांना शिकवतो त्याच आवाजात. त्यांनी मान डोलावली होती. पुढच्या महिन्याचं बिल कमी आलं तेव्हा मी त्यांना शाबासकीसुद्धा दिली होती. स्वतःच्या वडिलांना. संध्याकाळी बायकोला विचारलं, “तुला माहीत होतं?” “होतं,” ती म्हणाली. “त्यांनी शपथ घातली होती. आणि तुम्हाला काय सांगणार? तुम्ही आधी मीटर बघायला गेला असतात.” मला तिचा राग आला. मग राग ठेवायला जागा सापडेना.

गुरुवारी मी टिपण लिहिलं. पहिली मोजणी चुकीची, चूक तपासणी अधिकाऱ्याची, म्हणजे माझी. त्रेचाळीस हा आकडा धरू नये. पहिल्या आठवड्याइतकीच ऊब ठेवून पुन्हा एक आठवडा मोजावं, वाढीव बिल माझ्या पगारातून कापावं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. पुस्तिकेचं पहिलं पान त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. “वीसच्या खाली आलं तर?” त्यांनी विचारलं. मी टिपण त्यांच्याकडेच ठेवलं, जागेवर आलो आणि बाईंना फोन केला. “येत्या सोमवारपासून सात दिवस सगळे हीटर, सगळे दिवे, गेल्या वर्षीसारखे. एकही बंद करायचा नाही. आणि मी येणार नाही.” “एकदाही नाही?” “एकदाही नाही. काकांना खिडकीतून उठवा.” फोन ठेवला आणि घोडचूक केल्यासारखं वाटलं. कारण आम्ही काय मोजतो हे अंगणातल्या बोलण्यानंतर बाईंना कळलं होतं. चार खोल्यांचे हीटर गुपचूप बंद ठेवले की वापर कमी, बचत जास्त, हप्ता खिशात. आणि बघायला कुणी नाही. मी गेलो तर दिवे लागणार, न गेलो तर विझणार. दोन्हीकडून मी आंधळाच. ते सात दिवस मला ताप आल्यासारखे गेले. मंगळवारी छापखान्याच्या बोळापर्यंत जाऊन आलो. बोळाच्या तोंडाशी उभा राहून छापखान्याच्या यंत्राची धडधड ऐकली, कोटाची कॉलर वर केली आणि परत फिरलो. शुक्रवारी स्वप्नात लाल दिवा एका लुकलुकण्यानंतर थांबला तो थांबलाच.

आठव्या दिवशी नोंदयंत्र आणवलं आणि आकडे मांडले. बचत एकोणीस टक्के. मी पुन्हा मांडले. एकोणीसच. एका खोलीतला एक हीटर सात दिवस बंद ठेवला असता तर वीस आले असते. दोन ठेवले असते तर वर थोडे उरलेही असते. बारा माणसांच्या खोल्या आणि मध्ये एक बटण. बाईंना फोनवर आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “कमी पडलं का? तुम्ही म्हणालात एकही बंद करू नका, म्हणून नाही केला. वरच्या एका आजींना उकडत होतं, त्या बटणाला हात लावायला निघाल्या तर मीच ओरडले त्यांच्यावर.” मी फोन ठेवला. मला रडू येत होतं, हे खरं आहे. मग अहवालात एकोणीस लिहिलं. अभिप्रायाच्या रकान्यात मी वीस वर्षं एकच वाक्य लिहीत आलोय, ‘खात्री देता येत नाही’. त्या जागी लिहिलं, ‘हा आकडा खरा आहे, याची मी खात्री देतो. खिडक्यांचा हप्ता द्यावा.’ साहेबांनी कागद समितीपुढे ठेवला. नियम वीसचा आहे, कुणीतरी म्हणालं. साहेब माझ्याकडे वळले. “तुम्हाला खात्री आहे? तुम्हाला?” “आहे,” मी म्हटलं. खोलीत कुणीतरी हसलं, मग कुणीच नाही. एका टक्क्याची सूट देऊन हप्ता मंजूर झाला. साहेबांनी ते बाईंच्या प्रामाणिकपणासाठी केलं, माझ्या शब्दासाठी केलं, की पुस्तिकेसाठी नवं पान हवं म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी जिना मी नेहमीसारखा, बूट वाजवत चढलो. दरम्यान बाबांना मी पुन्हा समोर बसवलं होतं, या वेळी बोटांवर न मोजता, आणि सकाळपासून हीटर चालू ठेवायचा असं कबूल करून घेतलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. तशी ती मागच्या वेळीही डोलावली होती. आमचा मीटर दाराशेजारच्या पेटीत आहे. सकाळी निघताना नजर जातेच, त्यामुळे सकाळचा आकडा डोक्यात होता. आताचा बघितला असता तर दोन क्षणांचा हिशेब होता. मी पेटीकडे पाठ केली आणि किल्ली फिरवली. टक् आला नाही. म्हणजे हीटर दिवसभर चालू असेल, किंवा बाबा आता माझी पावलं जिन्यावरूनच ओळखायला शिकले असतील. आत गेलो. खोली उबदार होती. बाबा खुर्चीत बसले होते, कोट काढून, चष्मा लावून, आजचा पेपर घेऊन. “मीटर बघून आलास?” त्यांनी विचारलं. “नाही, बाबा.” त्यांनी पेपर खाली केला आणि चष्म्यातून बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी खरं बोलतोय की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.